झून ३०: मशीन झकास, पण गाण्यांना कुलूप

गाणी ऐकायचे जुने प्लेयर जमवायचा नाद आहे, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचा पहिला झून, ३० जीबीवाला, सध्या वापरात आहे आणि त्याच्यावर नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी चांगलं सांगतो कारण चांगलं खरंच खूप आहे. स्क्रीन ३ इंची, ॲपलच्या त्यावेळच्या आयपॉड प्लेयरची अडीच होती. मेनूची अक्षरं मोठी, एफएम रेडिओ आतच, बाहेरचं मॅट फिनिश हातातून घसरत नाही. मधलं गोल बटण बघून आयपॉडसारखं बोट फिरवायला जाल तर काहीच होत नाही, ती फक्त चार दिशांची बटणं आहेत, पण सवय लवकर होते. एमपीथ्री भरले की आवाज मस्त, काही तक्रार नाही.

घोळ सगळा कुलपांचा आहे, म्हणजे गाणं कुठे आणि किती वेळा वाजेल हे कंपनीने फाईलमध्येच बांधून टाकायचं. नोव्हेंबर २००६ मध्ये हा २४९ डॉलरला आला तेव्हा यात वायफाय होतं, आयपॉडमध्ये नव्हतं, आणि समोरच्याच्या झूनला गाणं थेट पाठवता यायचं. केवढी भारी गोष्ट! पण समोरच्याने ते ३ वेळा ऐकलं किंवा ३ दिवस झाले की गाणं बंद. बरं, विकतच्या गाण्यांपुरतं असतं तर एकवेळ समजलं असतं, पण तुम्ही स्वतः पेटी वाजवून केलेलं रेकॉर्डिंग पाठवलंत तरी त्यालाही तोच नियम. चाल तुमची, वाजवणारे तुम्ही, द्यायची इच्छा तुमची, आणि ठरवणार कंपनी. मला हे अजूनही पटत नाही. वर्षभराने ३ दिवसांची अट काढली, ३ वेळांची ठेवलीच.

त्याहून वाईट म्हणजे प्लेज फॉर शुअर. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच हा शिक्का काढला होता, शिक्का असलेल्या दुकानातलं गाणं घ्या, क्रिएटिव्ह, आयरिव्हर वगैरे शिक्का असलेल्या प्लेयरवर वाजणारच. लोकांनी भरवशावर गाणी घेतली, आणि मग कंपनीचा स्वतःचा प्लेयर आला तर त्याच्यावर तीच गाणी वाजेनात, अगदी त्यांच्याच एमएसएन म्युझिक या दुकानातून घेतलेली सुद्धा! ज्या कंपन्यांनी त्यांच्या शब्दावर प्लेयर बनवले त्यांनाही वाऱ्यावर सोडलं.

ॲपल काही वेगळं करत नव्हतं हेही सांगायलाच हवं. त्यांच्या आयट्यून्स या दुकानातली गाणी फेअरप्ले नावाच्या कुलपात, दुसऱ्या कोणाच्या प्लेयरवर वाजायची नाहीत. २००४ मध्ये ऑनलाइन गाणी विकणाऱ्या रिअल नेटवर्क्सने आपली गाणी आयपॉडवर चालतील अशी सोय केली तर ॲपलने पुढच्या अपडेटमध्ये ती बंद पाडली. म्हणजे गाणी जितकी जास्त घेतली तितकं आयपॉड सोडणं महाग, मग झूनची स्क्रीन मोठी असून उपयोग काय? आणि हे कुलूप हवं होतं कोणाला तर म्युझिक कंपन्यांना, पायरसी थांबवायला म्हणून. पायरसी थांबली नाहीच, उलट सगळं गिऱ्हाईक एका दुकानात अडकलं आणि त्या दुकानदारापुढे म्युझिक कंपन्यांचंच काही चालेना. मग २००७ मध्ये ईएमआय या म्युझिक कंपनीने बिनकुलपाची गाणी द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी ॲमेझॉन साधे एमपीथ्री विकायला लागलं, आणि २००९ मध्ये आयट्यून्सनेही सगळ्याच गाण्यांवरचं कुलूप काढलं. माझं ठाम मत आहे की हे पाच वर्षं आधी झालं असतं तर प्लेयरच्या बाजारात खरी स्पर्धा दिसली असती, लोकांनी आवाज, बॅटरी, रेडिओ बघून प्लेयर निवडला असता.

आज कोणी जुना झून घेणार असेल तर दोन गोष्टी बघा. एक, पेनड्राइव्हसारखी फाईल टाकता येत नाही, झूनचं सॉफ्टवेअर लागतंच, त्यामुळे ते तुमच्या कॉम्प्युटरवर चालतं का ते आधी तपासा. दुसरं, गाणी एमपीथ्री किंवा बिनकुलपाची एएसी (एमपीथ्रीसारखाच फाईलचा एक प्रकार) असू द्या. आयट्यून्सची जुनी एमफोरपी, म्हणजे कुलूपवाली फाईल यात वाजणार नाही. झूनचं गाण्यांचं दुकान २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झालं, त्यामुळे तिथली कुलूपवाली गाणी कोणी सोबत देतो म्हणाला तर त्याचे वेगळे पैसे अजिबात देऊ नका.

मशीनला पाचपैकी चार, गाण्यांच्या व्यवस्थेला एक.