ऑक्टाव्हिया आरएस २३० वर आयएस३८ टर्बो : आठ महिन्यांनंतर

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, बदलून मोठा बसवला त्याला आठ महिने झाले, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती.

मूळ गाडी स्कोडाची, दोन लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल), कंपनीतून २३० पीएस ताकद आणि ३५० एनएम टॉर्क. तिचा आयएस२० टर्बो काढून फोक्सवॅगन गोल्फ आरवर येतो तो मोठा आयएस३८ लावला. फार कापाकापी न करता बसतो, म्हणून सगळे याच वाटेने जातात. सोबत डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे स्पार्क प्लग आणि गिअरबॉक्सचा वेगळा मॅप, म्हणजे त्याच्या संगणकातली सेटिंग. या शेवटच्या खर्चात काटकसर नको. तेलात बुडालेला ओला क्लच चिवट आहे, पण मूळ मॅपवर नव्या टॉर्कखाली घसरतो.

पहिलं ट्यूनिंग केलं त्या गॅरेजचं नाव घेत नाही. डायनोचा, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात आला, ३९० एचपी. मित्रांत भरपूर मिरवला. नंतर कळलं, चाकांवर मोजलेल्या आकड्यात अंदाजाने 'लॉस' (गिअरबॉक्स वगैरेत वाया जाणारी ताकद) मिळवून तो इंजिनचा काढलेला, वर हवामान आणि उंचीचं करेक्शन. टर्बो विरळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करतो, त्यामुळे पुण्याच्या उंचीवर तेच करेक्शन लावलं की कागद फुगतो, गाडी नाही.

त्याहून वाईट गोष्ट लॉगमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेल्या नोंदीत होती. तिसऱ्या गिअरला साडेचार हजार आरपीएमपुढे एका सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सहा अंश मागे. इंजिन नॉक करतंय, म्हणजे इंधन नको तेव्हा पेटतंय, आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) बिचारा सावरून घेतोय.

दुसऱ्या ट्यूनरकडे पाच तास गेले. डायनोवरच्या पहिल्या रनला इंजिनात शिरणारी हवा ३८ अंश, चौथ्याला ५६. मी म्हटलं, थंड होऊ द्या. तो म्हणाला, "आता कुठे खरी गाडी दिसायला लागली," आणि तापलेल्या गाडीवरच टायमिंग बसवलं. प्लगचा गॅप ०.६ मिमी केला. तीन हजार आरपीएमच्या आसपासचा टॉर्क मुद्दाम कापला, कारण कनेक्टिंग रॉडचा जीव घेतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क. चाकांवर ३०८ एचपी आले, तेही करेक्शन न लावता. खरं सांगतो, मी हिरमुसलो.

मग ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी, ४०२ मीटर. जुन्या मॅपवर १३.९ सेकंद लागले होते, नव्यावर १३.२. सुटताना वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात. आपली गाडी पुढच्याच चाकांवर चालणारी, त्यामुळे जादा टॉर्कचा नुसता धूर होतो. खालचा टॉर्क कापल्याने पहिल्या ६० फुटांची वेळ २.४ सेकंदांवरून २.१ वर आली. टायर तेच, हवाही तेवढीच.

रोजच्या वापरात? एक्सपी१००, म्हणजे इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल, साध्यापेक्षा बरंच महाग, आणि तेही प्रत्येक पंपावर नाही. कोल्हापूरला जायचं तर साध्या पेट्रोलचा मॅप टाकूनच निघतो. कडक इंजिन माउंटमुळे सिग्नलला आरसा थरथरतो. बायको लिपस्टिक लावायची असली की गाडी बंद करायला लावते. पावसाळ्यात एकदा घाटात 'फुस्स' झालं आणि गाडीतला जीवच गेला. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, नेणाऱ्या पाइपचा क्लॅम्प सुटला होता. दहा रुपयांचा स्क्रू ड्रायव्हर डिकीत असता तर टो करावी लागली नसती.

आता सहा हजार आरपीएमपुढे रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, पडायला लागलंय. हाय प्रेशर पंप बदलेपर्यंत बूस्ट १.५ बारवरच राहील.