राजारामपुरीतलं युरॉलॉजी क्लिनिक, आण्णांच्या प्रोस्टेटसाठी, ४ स्टार

आण्णांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली, रात्री सारखं लघवीला उठायला लागायचं, धार बारीक, तरी "वयानं होतंय" म्हणून अंगावर काढत होते. इथल्या डॉक्टरनी डायरेक्ट ऑपरेशनचं नाव काढलं नाही, सोनोग्राफी, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी, कॅन्सरची शंका आहे का बघायला) आणि युरोफ्लो केलं, म्हणजे मशीनमध्ये लघवी करून धारेचा वेग बघतात, आणि मग गोळ्यांचं नीट सांगितलं. टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ काही दिवसांतच फरक दाखवते पण एकदम उठलं की चक्कर येऊ शकते आणि वीर्य कमी पडतं, हे सांगणं चालू असताना आण्णा मला पाणी आणायला पाठवत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन असलं तर डोळ्याच्या डॉक्टरला ही गोळी आधी सांगायचीच, कारण बाहुली नीट मोठी राहत नाही. हे अगोदर कुणी बोललंच नव्हतं! दुसरी गोळी ड्युटास्टेराइड, ती ग्रंथी लहान करते पण सहा महिने तरी धीर लागतो, इच्छा कमी होऊ शकते आणि पीएसए साधारण निम्मा दिसतो, त्यामुळं नुसता आकडा बघून खूश व्हायचं नाही. लघवी पार अडकली किंवा गोळ्यांनी भागलं नाही तर टीयूआरपी (लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडायचं ऑपरेशन) नाहीतर लेसर, त्यात पण वीर्य उलटं मूत्राशयात जायचं प्रमाण जास्त आहे हे स्पष्ट सांगितलं. सध्या टॅम्सुलोसिनच चालू आहे, झोप बरी लागते.

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी. प्रोस्टेटचे पेशंट आणि बाथरूम एकच, काय बोलायचं. आणि हां, सर्दीच्या गोळ्या मेडिकलमधनं मनानं घेऊ नका, काही गोळ्यांनी लघवी अडकते.