हुगिन, सात महिन्यांनंतर: सोबत एक ओळंबाही लागतो

लोणारच्या काठावर उभं राहिलं की पंचाईत होते. जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर एका फ्रेममध्ये मावत नाही आणि मोबाइलच्या पॅनोरमात झाडांचा नुसता लगदा होतो. म्हणून हुगिन घेतलं, म्हणजे अनेक फोटो जोडून एक सलग चित्र करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं.

कॅमेरा उभा धरून 35 एमएमला नऊ फोटो काढले. प्रत्येकात आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स लॉक. शेजारशेजारच्या फोटोंतले सारखे बिंदू, म्हणजे कंट्रोल पॉइंट, हुगिननं आपणच शोधले. मी फक्त सिलिंड्रिकल प्रोजेक्शन, म्हणजे नळकांड्याच्या आतून पाहिल्यासारखं चित्र पसरवायची पद्धत, निवडलं. सांधा शोधून सापडेना. यात शिकायचं ते काय, असं वाटलं.

ती मिजास वेरूळला उतरली. कैलास लेण्याच्या आवारात ध्वजस्तंभ अगदी पुढ्यात, मंदिर मागे. घरी येऊन फोटो जोडले तर स्तंभ मधेच तुटलेला. दगडी हत्तीची सोंड मुळातच गेलेली, माझ्या फोटोत त्याला पाचवा पाय फुटला! दोन महिने मी हुगिनला शिव्या घातल्या. चुकीचे वाटणारे बिंदू पुसत बसलो. बिंदू किती चुकतात तो एररचा आकडा उतरला, स्तंभ काही सांधेना.

चूक माझ्या पायांत होती. मी जागच्या जागी वळत होतो, पण हातातला कॅमेरा त्याबरोबर गोल फिरत होता. लेन्स वीतभर जरी सरकली तरी जवळचा खांब मागच्या भिंतीपुढून सरकतो. लोणारला सगळंच लांब, म्हणून तिथे खपून गेलं. वळायचं ते लेन्सभोवती. ट्रायपॉडला तिथे परवानगी लागते, म्हणून गवंड्याचा छोटा ओळंबा लेन्सला बांधला, त्याचं टोक फरशीवरच्या एका खुणेवर ठेवलं आणि मी त्याच्याभोवती फिरलो. पुढच्या खेपेला स्तंभ अखंड आला.

फोटोत दोनदा आलेले पर्यटक मास्क टॅबमध्ये एका फोटोतून वगळता येतात. हे मला फार उशिरा सापडलं. तक्रार आहे ती मांडणीची. एक्स्पर्ट मोड उघडला की टॅबच्या गर्दीत नवखा माणूस हरवतो. जोडलेल्या चित्राच्या भल्यामोठ्या टिफ फायलीही डिस्क खातात. तरी पैसे देऊन दुसरं काही घ्यावंसं अजून वाटलेलं नाही.

ओळंबा पाहून लेण्यातल्या रखवालदारानं मात्र विचारलंच, “साहेब, मोजणी आली का?”