आकडे खरे, फी खोटी

डब्लिनला नवऱ्याकडे येण्यासाठी म्हापशातल्या एका एजंटाने आमच्याकडून एक लाख ऐंशी हजार रुपये घेतले. त्यात सरकारला भरायची अशी एकही फी नव्हती. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्यांच्या बायका आजही गोव्यातून याच वाटेने निघतात, म्हणून हे लिहिते आहे.

सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यात झालेला. त्यांची आणि मग नवऱ्याची लिस्बनला नोंद झाली, तो पोर्तुगीज नागरिक झाला आणि आयर्लंडला गोदामात कामाला लागला. माझा पासपोर्ट भारतीयच. एजंट म्हणाला, "वहिनी, तुम्ही परदेशी. व्हिसा, वर्क परमिट, रेसिडेन्स कार्ड, तिन्ही वेगवेगळं काढावं लागेल."

विश्वास बसला तो त्याने दाखवलेल्या आकड्यांमुळे. त्याने आयर्लंड सरकारची वेबसाइटच समोर उघडली. अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा १०० युरो, दोन वर्षांचं एम्प्लॉयमेंट परमिट १००० युरो, नोंदणीचं कार्ड ३०० युरो. वर त्याची 'सर्व्हिस'. या फिया खऱ्याच आहेत. कंपनीने बोलावलेला भारतीय इंजिनिअर किंवा आचारी गेला तर त्या लागतात. युरोपीय नागरिकाच्या बायकोला लागत नाहीत, हे तेवढं त्याने गिळलं.

२००४ चा ३८ क्रमांकाचा युरोपीय निर्देश आहे, म्हणजे युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी पाळायचा नियम. पोर्तुगीज माणूस दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला की पहिले तीन महिने पासपोर्टवरच राहू शकतो. पुढे तो नोकरीत किंवा धंद्यात असावा, नाहीतर स्वतःच्या पैशांवर राहणारा किंवा शिकणारा, विम्यासकट. तो या अटीत बसला की जोडीदाराचा हक्क त्याच्या हक्कातून येतो. जोडीदाराला व्हिसा लागला तर तो फुकट द्यायचा. नोकरीसाठी वेगळं परमिट नाही. आयर्लंडमध्ये पोचल्यावर ईयू-१ नावाचा अर्ज भरायचा, त्याला फी नाही. निकाल सहा महिन्यांत लागायला हवा, आणि मिळणारं कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं. त्यावरचे ३०० युरोही आम्हाला माफ.

माझ्या नावाचं 'परमिट' मात्र त्याने खरोखर पाठवलं. वर आयर्लंडचं हार्प चिन्ह, खाली मालक म्हणून कुठल्याशा सफाई कंपनीचं नाव. इथे आल्यावर एका नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात काम मिळत होतं, तिथे मी तो कागद पुढे केला. ऑफिसातल्या बाईंनी तो दोनदा वाचला. परमिट ज्या मालकाच्या नावावर असतं त्याच्याकडेच काम करता येतं, मग तू आमच्याकडे कशी, असं त्यांनी विचारलं. नवरा पोर्तुगीज आहे हे कळल्यावर त्यांना आणखीच नवल वाटलं. "मग हा कागद तुला दिला कुणी?" अर्ज गेल्यावर तात्पुरती स्टॅम्प ४ ची, म्हणजे इथे राहून काम करायची, परवानगी मिळते, ती घेऊन ये, कामाला लाग, असं त्यांनी सांगितलं. तसंच झालं.

पैसे गेले ते गेलेच, पण तो कागद ईयू-१ च्या फाइलला जोडला असता तर? फसवणुकीवर बेतलेला हक्क नाकारायची किंवा काढून घ्यायची मुभा त्याच निर्देशाच्या ३५ व्या कलमात देशांना दिलेली आहे. खरं लग्न, नवऱ्याच्या खऱ्या पगारपावत्या, खरा भाडेकरार, आणि मध्ये एक बनावट परमिट. मी ते घरीच ठेवलं आणि एजंटाच्या सगळ्या मेल जपून ठेवल्या.

याच माणसाने माझ्या चुलत दिराला "डब्लिनहून लंडनला जा, सगळं एकच" असं सांगितलं होतं. ब्रिटनमधला मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातली जुनी मोकळीक आहे, पण तिथे राहून काम करायचा हक्क फक्त ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना. दीर तिकीट काढून बसला होता. ते रद्द करायला लावलं.

एजंटाने आतापर्यंत फक्त व्हिसाचे म्हणून नऊ हजार परत केले. परमिटचं विचारलं की "ते डब्लिनच्या ऑफिसला विचारा" म्हणतो. पावतीवर 'सल्ला शुल्क' एवढंच लिहिलेलं, तेव्हा पोलीसही आधी हेच विचारतात की सल्ला दिला ना? सासऱ्यांनी म्हापशाला लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे कुणी फी मागितली तर ती कोणत्या सरकारी खात्याची, कोणत्या अर्जाची, हे पावतीवर लिहून मागा. आमच्या ओळखीतल्या एकीने तसं मागितलं, तर तिचा हिशेब तीन फियांवरून एकदम 'सर्व्हिस'वर आला.