टीव्हीवरचा व्यायामवर्ग: आईचा आणि माझा

आईला सौम्य स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाल्यावर, व्हिडिओ कॉलवरून चालणारा आणि रुग्णासोबत सांभाळ करणाऱ्यानेही करायचा व्यायामवर्ग आम्ही जळगावच्या घरी तीन महिन्यांसाठी घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. आमच्याकडच्या मे महिन्यात ते घराबाहेर जमणे कठीणच.

“दोन्ही हात समोर पसरा” ही सूचना आईला उमगत नसे, पण “माय, मांडा फिरव” असे मी म्हणताच, खापरावर टाकण्याआधी मांडा हातांवर मोठा करावा तसे तिचे हात लयीत उघडू लागत. प्रशिक्षिकेने हे हेरून पुढच्या सत्रापासून तेच शब्द वापरले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उणीव एकच, पण मोठी आहे: वीज गेली की सत्र बुडते, त्याची भरपाई मिळत नाही आणि आई बराच वेळ अस्वस्थ राहते. तरीही आम्ही मुदत वाढवली असून, संध्याकाळी तिचा गोंधळ वाढत असल्याने सकाळी दहाची वेळ मागून घेतली आहे.