कांडी न बघता गाई भरवल्या, दोन वर्षं हातची गेली

आमच्या गाई सगळ्या काळ्या-पांढऱ्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या. पुढे दुधाला उभ्या राहणाऱ्या कालवडी थोराड हव्यात, म्हणून कृत्रिम रेतन करणाऱ्याला मी स्पष्ट सांगितलं होतं की सिद्ध एचएफ वळूचीच कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरा. त्याने मान डोलावली, त्या नावावर जादा पैसेही घेतले. काम झालं की वापरलेली कांडी तो खिशात घालून न्यायचा. तेव्हा त्यात मला वावगं काही दिसलं नाही.

पाच कालवडी झाल्या, 28 ते 30 किलोंच्या. एचएफचं वासरू साधारण 40 किलोंच्या आसपास भरतं. पण गाई न अडता व्याल्या, या आनंदात मी वजनाकडे दुर्लक्ष केलं. पाचांतल्या चौघींच्या अंगावर पांढरा ठिपकाही नव्हता. "आजीवर गेल्या असतील," तो म्हणाला. खरं तर एचएफचे पांढरे पट्टे आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतात. दोन्ही बाजू पट्ट्यांच्या असतील तर वासरू एकरंगी निपजत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी त्याला जाब विचारला असता.

वर्षभराने छातीचा घेर मोजला तर सगळ्या मागे. त्याचा सल्ला एकच, "खुराक वाढवा." मी वाढवला. उंची वाढली नाही, चरबी वाढली. आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं असं मला वाटतं. वयात येण्याआधी कालवड फार झपाट्याने लठ्ठ झाली, तर कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींऐवजी चरबी साठते. वजन मागे म्हणून एचएफच्या मापाने मी खाऊ घालत राहिले, आणि मुळात त्या त्या मापाच्या नव्हत्याच.

पशुवैद्यांनी एकच प्रश्न विचारला, "माजावर कधी आल्या?" दहाव्या महिन्यात, मी सांगितलं. उपाशी कालवड माजाला उशीर लावते. या लहान असूनही लवकर आल्या, म्हणजे पोटाला कमी पडलेलं नव्हतं, बांधाच लहान होता. त्यानंतर गव्हाणीमागे पडलेली त्याची एक कांडी झाडताना सापडली. वळूचा क्रमांक वाचला, यादीत शोधला. जर्सी, म्हणजे लहान बांध्याची दुसरीच जात! जर्सी वाईट नव्हे, दुधाला तिचं फॅट सरस असतं. पण मी मागितली नव्हती, आणि मला खोटं सांगितलं गेलं.

जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, पुरावा काय? माझ्याकडे होती ती एकच कांडी. बाकीच्या त्याच्या खिशातून गेल्या. म्हणून सांगते, कांडी कोमट पाण्यातून काढून पुसली की, गाईला भरण्याआधी तिच्यावरची जात आणि क्रमांक वाचा, तारखेसह वहीत उतरवा, आणि रिकामी कांडी त्याच पानाला चिकटवा. जो दाखवायला नकार देईल, त्याला गाईला हात लावू देऊ नका.

त्या पाचही आता गाभण आहेत. त्यांच्यासाठी सोप्या वेताचा वळू मुद्दाम शोधला, कारण लहान हाडाच्या कालवडीला थोराड वळू भरला तर वेताला ती अडते.