सेकंडहँड टोयोटा कॅमरी की फोर्ड फ्यूजन?

भाचा न्यू जर्सीत शिकतोय, गाडी घ्यायचीये, सगळे म्हणतात जपानीच घे. आता हे "अमेरिकन गाडी बंद पडते" प्रकरण १९७० च्या दशकातलं, शेवरोले व्हेगाची इंजिनं तापून कामातून जायची, बॉडी गंजायची, तेव्हा लोक टोयोटा-होंडाकडे वळले ते वळलेच. नंतर फरक बराच कमी झाला. आणि गंमत बघा, "इम्पोर्टेड" कॅमरी १९८८ पासून केंटकीत बनते, अमेरिकन फ्यूजन मात्र बरीचशी मेक्सिकोत बनायची!

किंमत: फ्यूजन स्वस्त पडते, पण विकताना पैसेही कमीच येतात.

टिकाऊपणा: खरा प्रश्न इंजिनाचा. कॅमरीचं २.५ लिटर साधं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, ऑइल वेळेवर बदललं की दोन लाख मैल आरामात. फ्यूजनच्या १.५ लिटर टर्बोत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरायची तक्रार माहितीच आहे, २.५ वालीत ती भानगड नाही. नुसतं जपानी नाव बघून पण जाऊ नका, निसानच्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सनी लोकांना रडवलंय.

पार्ट्स दोन्हीचे सहज मिळतात.

सात-आठ वर्षं वापरणार असेल तर कॅमरी. दोन वर्षांत डिग्री घेऊन निघणार असेल, बजेट तंग असेल तर २.५ वाली फ्यूजन, मेकॅनिकला दाखवूनच.